डोंगरवाटेचीं पादत्राणें

डोंगरांतून चार दिवस पायीं प्रवास करावयाचा ठरला म्हणजे शिधा, पांघरूण, दिवा यांची यादी तत्काळ होते; पायांत काय घालावें याचा विचार मात्र बहुधा शेवटीं, आणि तोहि दुकानदाराच्या शिफारशीनें होतो. वास्तविक सगळें ओझें ज्या दोन पायांनीं वाहावयाचें, त्यांची सोय आधीं पाहिली पाहिजे. शिधा कमी पडला तर अर्धपोटीं चालतां येतें. पण टाचेला फोड आलेला मनुष्य स्वतः अडतोच, आणि सोबत्यांनाहि अडवितो.

श्रोत्यांच्या माहितीचें उदाहरण घ्यावयाचें तर राजगडावरून तोरणा करून रायगडास जाणारी वाट घ्यावी. राजगड आणि तोरणा यांमधील डोंगरधारेवर कोठें मुरूम, तर कोठें उघडा काळा कातळ. पुढें कोंकणांत उतरतांना, लिंगाण्याजवळच्या बोराट्याच्या नाळेंत तर लहानमोठ्या धोंड्यांवरूनच पावलें टाकावीं लागतात. अशा वाटेवर चढापेक्षां उतारच जोड्याची खरी परीक्षा घेतो. उतरतांना पाऊल पुढें सरकतें. जोडा आंखूड असेल तर बोटें आदळून नखें काळीं पडतात, आणि सैल असेल तर टाच घासून फोड येतो.

म्हणून माप पाहावयाचें तें सायंकाळीं. दिवसभराच्या वावरानें पाय तेव्हां किंचित् सुजलेला असतो, आणि वाटेवरहि तो तसाच सुजणार असतो. प्रवासांत वापरावयाचे जाड मोजे घालून, दोहोंपैकीं मोठ्या पायाला जोडा बेतावा. बंद न बांधतां पाऊल पुढें सरकविलें असतां टाचेमागें एक बोट शिरावें. बंद बांधल्यावर मात्र टाच आंत उचलली जाऊं नये.

दुसरी गोष्ट तळाची. पूर्वीं युरोपांतील गिर्यारोहक खिळे ठोकलेले जड बूट वापरीत, आणि अवघड कड्यावर ते काढून हलके जोडे घालीत. १९३५ सालीं इटलीच्या आल्प्स पर्वतांत अशी एक तुकडी वादळांत सांपडली व तींतील सहा जण दगावले. त्यांचा सहकारी व्हिताले ब्रामानी यानें पुढें, १९३७ सालीं, खोल खांचांचा रबरी तळ सिद्ध केला. वाटेला आणि कड्याला एकच जोडा चालावा, ही त्यामागील दृष्टि होय. आजच्या पुष्कळ डोंगरी बुटांचे तळ त्याच वळणाचे असतात. खांचा मुरुमांत व चिखलांत रुततात. कोरड्या कातळावर पकड येते ती रबराच्या मऊपणामुळें. शेवाळलेल्या ओल्या कातळावर मात्र कोणत्याहि जोड्यावर विसंबूं नये.

जड बूट तोच चांगला, ही समजूतहि खरी नाहीं. पायांतील वजन पाठीवरील तितक्याच वजनाच्या चार ते सहा पट दमवितें, असें प्रयोगांत आढळलें आहे. घोट्यापर्यंतच्या बुटानें कांटे व दगड यांपासून रक्षण होतें. परंतु पाय मुरगळणार नाहींच, अशी हमी मिळत नाहीं. पाणी न शिरणारा बूट बर्फांत उपयोगी खरा. पण सह्याद्रीच्या पावसाळ्यांत पाणी वरूनच आंत शिरतें आणि मग बाहेर पडत नाहीं. तेथें लवकर निथळणारा हलका बूट बरा.

शेवटीं एक इशारा. कपाटांत वर्षानुवर्षें पडलेला बूट नवा दिसला तरी फसवा असतो. पुष्कळ बुटांच्या तळांत पॉलियुरेथेनचा मऊ थर असतो. तो दमट हवेंत, न वापरतांहि, जीर्ण होऊन ठिसूळ बनतो आणि ऐन वाटेवर तळ सुटून येतो. म्हणून निघण्यापूर्वीं महिनाभर तोच जोडा घालून रोज चालावें, जिने चढावे-उतरावे. नवा असेल तर तो पायाशीं जमेल. जुना असेल तर त्याचा दोष घरींच उघडा पडेल. नाळेच्या मध्यावर तळ शिवून देणारा कोणी भेटत नाहीं.