सुंभातला पीळ

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. हटवादी माणसाबद्दल हे इतक्या सवयीने म्हटलं जातं की सुंभ प्रत्यक्षात जळताना पाहिलेली माणसं आता थोडीच उरली असतील. सुंभ म्हणजे नारळाच्या काथ्याची दोरी. वीतभर तुकडा पेटवला तर ज्योत लवकर बसते, दोरी धुमसत राहते आणि शेवटी उरते ती काळीठिक्कर, पण वळणं तशीच्या तशी दाखवणारी दोरी. बोट लागलं की मग कुठे ती मोडते.

हा पीळ माणसाच्या हाताने घातलेला. त्याच्या आधीचा एक पीळ मात्र माडानेच घालून ठेवलेला असतो. काथ्याचा एक धागा ही असंख्य पोकळ पेशींची जुडी असते आणि त्यातली एकेक पेशी जेमतेम मिलिमीटरभर लांबीची. पेशीच्या भिंतीतले सेल्युलोजचे अतिसूक्ष्म तंतू स्प्रिंगसारखे, साधारण ४५ अंशांच्या कोनात वळसे घेत चढतात. तागात हाच कोन ८ अंशांच्या आसपास, म्हणजे तंतू जवळजवळ सरळच. त्यामुळे ताग एक-दोन टक्के ताणला की तुटतो. काथ्या १५ टक्के आणि त्याहूनही जास्त ताण घेतो. नुसत्या ताकदीत ताग उजवा ठरेल, पण झटका सोसावा तो काथ्यानेच.

दुसरी खुबी लिग्निनची. लाकडाला लाकूडपण देणारं हे द्रव्य कापसात नसल्यातच जमा, काथ्यात मात्र ४० टक्क्यांच्या वर. जिवाणू आणि बुरशीला ते सहजी पचत नाही. नारळ समुद्रात पडावा, लाटांवर महिनोन्‌महिने तरंगावा आणि दूरच्या वाळूत रुजावा, यासाठी तयार झालेलं हे वेष्टन आहे. खाऱ्या पाण्यात टिकणं हा त्याचा जन्मजात गुण.

तो जुन्या दर्यावर्दींनी नेमका हेरला होता. हिंदी महासागरातली कित्येक जहाजं खिळा न ठोकता, फळ्यांना भोकं पाडून सुंभाने शिवलेली असत. अजिंठ्याच्या लेण्यातल्या पाचव्या शतकातल्या चित्रावरून बेतलेलं असंच एक जहाज अलीकडे गोव्यात बांधलं गेलं. केरळचे बाबू शंकरन आणि त्यांच्या कारागिरांनी फळ्या काथ्याच्या दोरीने शिवल्या, सांधे राळेने बुजवले आणि २१ मे २०२५ रोजी ‘कौंडिण्य’ या नावाने ते कारवारला नौदलात दाखल झालं. लाट आदळली की शिवलेला सांधा किंचित देतो, आणि खिळाच नाही म्हटल्यावर गंजण्याचा प्रश्नही नाही.

पण काथ्याचा आजचा सर्वांत मोलाचा उपयोग जमिनीवरचा आहे, आणि तो त्याच्या टिकण्याइतकाच त्याच्या कुजण्यावर उभा आहे. नव्याने कापलेल्या रस्त्याची उघडी दरड पावसाळ्यात धुपते. तिच्यावर काथ्याची जाळी अंथरून खुंट्यांनी पक्की करतात आणि खाली गवताचं बी पेरतात. पावसाच्या थेंबाचा मार जाळी झेलते, वाहत्या पाण्याचा वेग मोडते, ओल धरून ठेवते. गवत तिच्या डोळ्यांतून वर येतं. दोन-चार पावसाळ्यांत जाळी कुजून मातीत मिसळते, तोवर माती धरण्याचं काम मुळांनी उचललेलं असतं. प्लास्टिकची जाळी याहून खूप अधिक टिकते. पण काम संपल्यावरही ती तिथेच राहणार आणि उन्हाने तिचे तुकडे होत जाणार. २०२० मध्ये ग्रामसडक योजनेतल्या १,६७४ किलोमीटर रस्त्यांसाठी काथ्याचं कापड वापरायचं ठरलं, त्यातले ३२८ किलोमीटर महाराष्ट्राच्या वाट्याचे. खडीच्या थराखाली अंथरलेलं हे कापड खडी आणि चिखल यांना एकमेकांत मिसळू देत नाही.

सोडणातून, म्हणजे नारळाच्या या वेष्टनातून, धागा निघतो तो वजनाच्या जेमतेम एक तृतीयांश. उरतो तो भुसा, म्हणजेच रोपवाटिकेतलं ‘कोकोपीट’. पूर्वी केरळात त्याचे ढीग नुसते पडून असत. आज जगभरच्या हरितगृहांत दलदलीतून खणून काढलेल्या ‘पीट’ऐवजी तो वापरला जातो. ही अदलाबदल लहान नव्हे. दलदलीत पीटचा थर वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर चढतो, आणि जगाच्या जमिनीच्या अवघ्या ३ टक्के भागातल्या या दलदलींत सगळ्या जंगलांच्या झाडझाडोऱ्याहून अधिक कार्बन साठलेला आहे. हातभर पीट खणलं तर ते पुन्हा साठायला शेकडो वर्षं लागतात. सोडण दरवर्षी नव्याने मिळतं.

तरीही वनस्पतीपासून बनलं म्हणजे निर्दोष, असं मानणं चुकीचं होईल. केरळच्या खाडीत सोडणं महिनोन्‌महिने कुजत घालतात, तेव्हा पाण्यातला प्राणवायू संपतो, सडक्या अंड्यासारखा वास सुटतो आणि मासे तिथून हटतात. कोकोपीटमधला क्षार काढायला गोडं पाणी भरपूर लागतं. हे दोष झाकून काथ्याचं कौतुक करण्यात अर्थ नाही. कुजवण बंदिस्त टाक्यांत करणं आणि धुण्याचं पाणी पुन्हा वापरणं हा त्यांवरचा उपाय आहे.

कोकणातला प्रश्न आणखी साधा आहे. नारळ सोलला की सोडण परसात पडतं आणि तिथून न्हाणीघराच्या बंबात जातं. पाणी तापतं, हेही खरंच. पण बाणवली माड एकदा फळाला आला की साठ-सत्तर वर्षं देत राहतो. आज्याने लावलेल्या झाडाचे नारळ नातवंडं विकतात. इतक्या वर्षांचा धागा धुरात जातो, याची हळहळ वाटायला हवी. वेंगुर्ले परिसरात महिलांच्या सहकारी संस्थेने काथ्याचा उद्योग उभा करून दुसरी वाट दाखवली आहे. अडचण वाहतुकीची असते. सोडण हलकं आणि अघळपघळ, टेम्पो शिगोशीग भरला तरी वजन भरत नाही आणि भाडं मात्र पूर्ण पडतं. म्हणून सोडणं यंत्रापर्यंत नेण्यापेक्षा धागा काढायचं यंत्र वाडीजवळ आणलेलं परवडतं. पिंजलेला धागा गाठोड्यात नेणं सोपं, आणि मागे उरलेला भुसा तिथेच माडाच्या आळ्यात घालता येतो.