परड, मण्यार आणि आपला मोबाईल: फोटो काढा, पण टप्प्यात जाऊ नका

बडनेऱ्याहून बोलतोय. ज्यांना ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहून देतोय.

आधी किस्सा सांगतो. दोन वर्षांपूर्वी जुलैमध्ये मित्राच्या शेतावर गेलो होतो. पाऊस उघडला होता, सोयाबीन गुडघ्याला लागत होतं. धुऱ्यावर एक जाडजूड साप वेटोळं घालून बसलेला. तपकिरी अंग, त्यावर गडद गोल ठिपके. मित्र म्हणाला, "अबे, अजगराचं पिल्लू हाये! काढ फोटो." मी मोबाईल काढला आणि वाकलो. फ्रेममध्ये साप बारका दिसत होता, म्हणून अजून पुढं सरकलो. तेवढ्यात कुकरची शिट्टी सुटावी तसा आवाज आला आणि मागून मित्राचे काका ओरडले, "मांगं सरका पोट्टेहो, परड हाये थे!"

परड म्हणजे घोणस. माझा हात तिच्यापासून दीडेक फुटावर होता. ती चावली नाही, एवढंच माझं नशीब.

घरी आल्यावर इंजिनीअरचा किडा वळवळला. मी एवढा जवळ गेलोच कसा? उत्तर लेन्समध्ये सापडलं. आपल्या मोबाईलचा मुख्य कॅमेरा वाइड असतो. तीन मीटरवरून आडवा फोटो घेतला तर साधारण साडेचार मीटर रुंदीचं दृश्य त्यात मावतं. वेटोळं 40 सेंटीमीटरचं धरलं, तर ते फ्रेमच्या दहाव्या भागातही बसत नाही. तेच वेटोळं अर्ध्या फ्रेमभर हवं असेल, तर अर्ध्या मीटरवर जावं लागतं. आणि मोठी परड तेवढ्या अंतरावर सहज झडप घालते. म्हणजे चांगल्या फोटोच्या नादात मोबाईलच आपल्याला सापाच्या टप्प्यात ओढतो. मेळघाटात वाघाचे फोटो काढणारे लोक हातभर लांब लेन्स घेऊन फिरतात, ती काही शान मारायला नाही. ती लेन्स अंतर विकत घेते.

मग आपण काय करायचं? तीन मीटरवर थांबा. मोबाईलला 3एक्स ऑप्टिकल झूम असेल तर तो वापरा, मग तेच वेटोळं फ्रेमच्या चौथ्या भागापेक्षा मोठं दिसेल. बाकी काम क्रॉप करेल. 12 मेगापिक्सेलचा फोटो लांबी-रुंदीत अर्धा कापला तरी 3 मेगापिक्सेल उरतात, आणि फुल एचडी स्क्रीनला जेमतेम 2 लागतात. स्टेटसला टाकायला रग्गड झालं! फ्लॅश नको, काडीनं डिवचणं नको, आणि सापाची पळायची वाट अडवून उभं राहायचं नाही.

आता "मला साप ओळखता येतात" म्हणणाऱ्यांसाठी. परडीच्या अंगावर साखळीसारख्या ठिपक्यांच्या तीन ओळी असतात, अजगराचे डाग वेडेवाकडे असतात. पण डुरक्या घोणस नावाचा बिनविषारी साप परडीसारखाच दिसतो. मण्यार काळी, त्यावर पांढरे पट्टे बहुधा जोडीनं, शेपटीकडं जास्त ठळक. बिनविषारी कवड्याचे पट्टे मानेकडं ठळक असतात. वाचायला सोपं आहे ना? पण रात्री, चिखलात, टॉर्चच्या उजेडात, घाबरलेल्या डोळ्यांना हे दिसत नाही. म्हणून नियम एकच: ओळख पटो न पटो, हात लावायचा नाही. मेलेल्या सापालाही नाही, कारण मेल्यावर काही वेळ त्याचं डोकं आपोआप चावू शकतं. शिवाय 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात प्राणी पकडणं हेही शिकारीतच धरलंय. सेल्फीसाठी साप गळ्यात घालणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

हे सगळं एवढं गंभीर का? 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार 2000 ते 2019 या काळात भारतात सर्पदंशानं अंदाजे 12 लाख माणसं गेली. वर्षाला सरासरी 58 हजार. त्यातले जवळपास निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले, म्हणजे आपल्या पेरणी-निंदणाच्या दिवसांतले.

दंश झालाच तर? इथं एक गैरसमज आहे: डॉक्टरला दाखवायला साप पकडून न्या, नाहीतर फोटो तरी काढा. गरज नाही. आपल्याकडं मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकच असतं. डॉक्टर लक्षणं बघतात. काचेच्या स्वच्छ नळीत रक्त घेऊन 20 मिनिटं ठेवतात. ते गोठलं नाही तर घोणस किंवा फुरशाचा संशय बळावतो. पापण्या जड होऊन मिटायला लागल्या तर नाग किंवा मण्यार. मण्यार तर बहुतेकदा रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते. दुखत नाही, खूणही नीट दिसत नाही, आणि पहाटे पोट दुखतं म्हणून माणूस उठतो. अशा वेळी "गॅस झाला असंन" म्हणत घरी बसू नका.

कापू नका, चोखू नका, करकचून दोरी बांधू नका. अंगठी-कडं काढा, हातपाय हलू न देता पेशंटला झोपवा, 108 ला फोन लावा आणि थेट सरकारी दवाखाना गाठा. मांत्रिकाकडं गेलेला अर्धा तास परत मिळत नाही.

एक भारी फोटोही सुचवतो, हात न लावता येणारा. विंचू अल्ट्राव्हायोलेट टॉर्चखाली हिरवट-निळा चमकतो. पायात बूट घाला, दगड उचलू नका, लांबूनच टिपा. लाल विंचवाचा डंख हृदयावर जातो आणि त्यावर सापाचं प्रतिविष चालत नाही. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्यावर प्राझोसिन हे औषध वापरून दाखवलं आणि असंख्य जीव वाचले.

घरात साप निघाला तर वनविभागाचा 1926 नंबर आहे. आत्ताच सेव्ह करा, नंतर राहून जातं.

धुऱ्यावरचा तो फोटो अजून माझ्याकडं आहे. हललेला, धूसर, काही कामाचा नाही. तरी डिलीट करत नाही. मोबाईल घेऊन वाकलो की काकांचा आवाज ऐकू येतो: मांगं सरका पोट्टेहो.

चला, भेटू पुढच्या भागात. तोवर तीन मीटर लांब!