शाकारणी कुणी करायची?

वैशाख सरत आला की पुण्यात छपरांची कामं निघतात. मात्र वस्ती बदलली की कामही बदलतं. कसबा, शनिवार, नारायण पेठांत उरलेल्या वाड्यांवर शाकारणी चालते. आढ्यापासून एकेक मंगलोरी कौल उतरवायचं, फुटकं बाजूला काढायचं, कुजलेली रीप बदलायची आणि वळचणीपासून वर पुन्हा रांगा बसवत जायचं. कोथरूड-सहकारनगरच्या सोसायट्यांत गच्चीवरचा जुना कोबा फोडतात, विटांच्या तुकड्यांचा नवा कोबा उतार धरून घालतात, कठड्याच्या कडेला गोलसर वाटा काढतात, वर चायना मोझॅक बसवतात आणि मग गच्चीवर पाणी अडवून खालच्या छताला ओल येते का ते पाहतात. पर्वतीच्या उतारावरच्या जनता वसाहतीत गंजलेला पत्रा बदलायचा असतो. तो जमला नाही, तर भोकांवर डांबर, त्यावर ताडपत्री आणि ती उडू नये म्हणून दगड.

हा फरक सामानाचा आहे, असं सहज वाटतं, आणि त्यात तथ्यही आहे. पुण्याचा पाऊस सरासरी सत्तर-पंच्याहत्तर सेंटिमीटर, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरात. त्याआधीचे कोरडे, तापलेले महिने छपराला जास्त छळतात. दिवसा फुगणारा आणि रात्री आकसणारा स्लॅब कोब्याला बारीक भेगा पाडतो आणि जूनचं पाणी नेमकी तीच वाट धरतं. कौल मात्र सुटं असतं. तापल्यानं ते बिघडत नाही, सरकलं किंवा फुटलं तरच गळतं. पण सामानावरून सगळा उलगडा होत नाही. एकाच वाड्यात मालकाच्या बिऱ्हाडावरची कौलं नीट चाळलेली आणि भाडेकऱ्यांच्या बाजूला वासे वाकलेले, असं अनेकदा दिसतं. पाऊस तोच, कौल तेच, लाकूडही बहुधा त्याच काळातलं. छपराची गरज कधी भागते, हे त्याच्या वयापेक्षा त्याखालच्या माणसाच्या हक्कावर ठरतं.

कायद्याने हा प्रश्न सोडवला आहे, असा आक्षेप येईल. 1999च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 14 प्रमाणे दुरुस्तीची जबाबदारी मालकाची आहे. नोटीस देऊनही त्याने ती टाळली, तर भाडेकरू स्वतः काम करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. पण वळती करायची रक्कम वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त नसावी, अशी अट आहे. महिना 60 रुपये भाडं असेल तर वर्षाचे 720, आणि त्याचा चौथा हिस्सा 180. एवढ्यात गवंड्याची एका दिवसाची मजुरीही निघत नाही. तेवढ्या भाड्यात मालकालाही शाकारणी परवडत नाही, हेही तितकंच खरं. सोसायटीत निदान उत्तर स्पष्ट आहे: आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीची गळती थांबवण्याचा खर्च संस्थेचा. वाद होतात ते सर्वसाधारण सभेत, कारण पाणी वरच्या मजल्यावर गळतं आणि वर्गणी तळमजल्यालाही द्यावी लागते.

वस्तीतला पत्रा ही निव्वळ गरिबी आहे, हेही मला पटत नाही. तिथल्या कितीतरी घरांत जमिनीला फरशी, ओट्याला टाइल्स, आणि डोक्यावर मात्र पत्रा. घर कधी हलवावं लागेल याची खात्री नसलेला माणूस सोबत नेता येत नाही अशा स्लॅबवर आयुष्याची बचत ओतणार नाही. त्याचा हिशेब चोख आहे. त्याची किंमत तो एप्रिल-मेच्या उकाड्यात, पत्र्याखाली, लहान मुलांसह मोजतो.

पुनर्विकास येणारच आहे, मग जुन्या छपरावर पैसे कशाला, हा आक्षेप सर्वांत घातक आहे. वाटाघाटी वर्षानुवर्षं चालतात आणि तेवढ्यात गळणाऱ्या कौलाखालचा वासा कुजतो, भिंतीत पाणी मुरतं, मातीचा गिलावा सुटतो. मग पावसाळ्यापूर्वी महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते, त्यांत हा वाडाही येतो. नोटिशीआधी दोन-चार वर्षं त्याला हवी असतात फक्त शे-दोनशे कौलं आणि थोड्या रिपा. मालक-भाडेकरूंचा तंटा मिटेपर्यंत थांबण्याऐवजी महापालिकेने एप्रिलमध्येच ती बसवून घ्यावीत आणि खर्च मिळकतकराच्या बिलात लावावा.