म्युनिकने महाग सौदा का केला?

मे 2003 मध्ये म्युनिकच्या नगर परिषदेने एक ठराव केला. पालिकेच्या सुमारे 14 हजार संगणकांवर विंडोज एनटी 4 चालत होते आणि मायक्रोसॉफ्ट त्याची देखभाल बंद करणार होती. नवे विंडोज घ्यायचे की लिनक्स या मुक्त प्रणालीकडे जायचे, एवढाच प्रश्न होता. कंपनीचे प्रमुख स्टीव्ह बामर स्कीइंगची सुट्टी अर्धवट टाकून महापौर क्रिस्टियान ऊडे यांना भेटायला आले. कंपनीने भाव उतरवला, आणि इतका उतरवला की लिनक्सचाच प्रस्ताव महाग ठरला. तरी परिषदेने लिनक्स निवडले.

आपल्याकडे असा ठराव झाला असता तर लेखापरीक्षकाने लाल शेरा मारला असता. पण परिषदेने निविदेत नसलेली एक गोष्ट मोजली होती. एनटी बदलायची गरज पालिकेला वाटली नव्हती. ती वेळ पुरवठादाराने ठरवली होती. आज स्वस्तात घेतलेले विंडोज पुढे कधी आणि कोणत्या भावाने बदलावे लागेल, हेही त्यानेच ठरवले असते. शिवाय, पर्याय समोर उभा राहिल्याबरोबर किंमत घसरली याचा अर्थ आधीच्या किमतीत पर्याय नसल्याचा अधिभार होता.

मुक्त सॉफ्टवेअरचे पुरस्कर्ते परवाना शुल्क वाचते, हे सांगण्यातच फार वेळ घालवतात. माझ्या मते हा त्यांचा सर्वांत लंगडा मुद्दा आहे. जुनी माहिती नव्या प्रणालीत नेणे, कर्मचाऱ्यांना शिकवणे, वर्षाची एएमसी हा खर्च दोन्हीकडे चुकत नाही. मुक्त परवाना देतो ते वेगळेच: सोर्स कोड हाती असतो, तो बदलता येतो, बदललेला वाटता येतो आणि देखभालीचे काम दुसऱ्या कोणाला देता येते. विकायलाही मनाई नाही. रेड हॅटने लिनक्सवर हमी आणि देखभाल विकून एवढा धंदा उभा केला की 2019 मध्ये आयबीएमने ती कंपनी 34 अब्ज डॉलरला घेतली.

म्युनिकचा पुढचा प्रवास मात्र पुरस्कर्त्यांना अडचणीचा वाटतो. 2013 पर्यंत सुमारे 15 हजार संगणक लिनक्सवर आले. एक कोटी युरोंहून जास्त वाचल्याचे पालिका सांगत होती, तर मायक्रोसॉफ्टने करवून घेतलेला एक अहवाल नेमके उलटे सांगत होता. 2014 मध्ये महापौर बदलले. 2016 मध्ये मायक्रोसॉफ्टचे जर्मन मुख्यालय उपनगरातून म्युनिक शहरात आले. त्यावरून कुजबूज झाली, पुरावा कोणी दिला नाही. 2017 मध्ये परिषदेने विंडोजकडे परतायचे ठरवले. लिनक्सविषयीच्या कर्मचाऱ्यांच्या तक्रारी खऱ्याच होत्या. पण ॲक्सेंचर या सल्लागार कंपनीच्या पाहणीत पालिकेच्या आयटी कारभाराची विखुरलेली रचना हे मोठे दुखणे निघाले. त्यावर लिनक्स हा उपाय नव्हता, तसा विंडोजही नव्हता. 2020 मध्ये सत्तेवर आलेल्या आघाडीने पुन्हा मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे करारात लिहिले.

फ्रान्सच्या जांदार्मरी या पोलीस दलाने हेच काम टप्प्याटप्प्याने केले. 2005 पासून आधी विंडोजवरच ओपनऑफिस, मग फायरफॉक्स आणि थंडरबर्ड आणले. हात बसल्यावर 2008 पासून खालची प्रणाली बदलायला घेतली. आज तिथे लाखाच्या आसपास संगणक लिनक्सवर आहेत.

एकाच दावणीला बांधून घेण्याची किंमत किती, हे सर्व्हरसाठी सॉफ्टवेअर विकणाऱ्या व्हीएमवेअरच्या ग्राहकांना विचारावे. नोव्हेंबर 2023 मध्ये ब्रॉडकॉमने ती कंपनी घेतली आणि डिसेंबरात कायमस्वरूपी परवाने विकणे थांबवले. यापुढे फक्त वर्गणी. एटी अँड टीसारख्या अवाढव्य ग्राहकाला कोर्टाची पायरी चढावी लागली. आपल्यापुढे 1,050 टक्के वाढ ठेवली गेली, असे त्या कंपनीचे म्हणणे होते.

इतके लांब जायलाही नको. मराठी प्रकाशन व्यवसायाने ही किंमत स्वतः मोजली आहे. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये 'क' कोणत्या क्रमांकावर बसवायचा, हे प्रत्येक कंपनीने आपापले ठरवले होते. त्यात भर पेजमेकरची. त्याची शेवटची आवृत्ती 2001 मध्ये आली, पण आपले छापखाने पुढे कितीतरी वर्षे त्यावरच पाने लावत राहिले. फॉन्ट नसेल तर फाइल उघडल्यावर रोमन अक्षरांची खिचडी दिसते. कन्व्हर्टर चालवला तरी रफार आणि जोडाक्षरे निसटतात, म्हणजे पुन्हा मुद्रितशोधन आले. जुन्या पुस्तकाची नवी आवृत्ती काढताना मजकूर नव्याने टंकलिखित करायचा खर्च फॉन्ट विकत घेताना कोणत्या बिलात लिहिला होता? युनिकोड हे सॉफ्टवेअर नव्हे, खुले मानक आहे. पण त्याच्यामुळे मजकूर एका कंपनीच्या कुलपातून सुटला. आता मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेने घडवलेला 'मुक्ता' हा देवनागरी फॉन्ट खुल्या परवान्यावर कोणालाही वापरता येतो, बदलताही येतो.

दुसरी बाजूही लिहायला हवी. मुक्त सॉफ्टवेअर वापरून त्याच्यावर छदामही न खर्चणारे उद्योग जगभर आहेत. 2014 मध्ये ओपनएसएसएलमध्ये 'हार्टब्लीड' ही गंभीर त्रुटी सापडली. असंख्य सुरक्षित संकेतस्थळे त्या सॉफ्टवेअरवर अवलंबून होती, आणि त्याच्या प्रतिष्ठानला देणग्या मिळत होत्या वर्षाला सुमारे दोन हजार डॉलर. परवान्याचे वाचलेले पैसे नफ्यात टाकणाऱ्याने आपली जोखीम अनोळखी स्वयंसेवकांच्या खांद्यावर ठेवलेली असते. त्यातले थोडे देखभालीला, थोडे स्वतःच्या माणसांना तयार करण्याला लावले तरच हा व्यवहार जमतो. ते लावायची तयारी नसेल तर बंद सॉफ्टवेअर घेऊन गप्प बसणे अधिक प्रामाणिक.

केंद्र सरकारच्या 2015 च्या धोरणानुसार ई-प्रशासनाच्या निविदांत मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य आहे, आणि ते वगळणाऱ्या पुरवठादाराने कारण द्यायचे असते. हे झाले सरकारचे. पतसंस्था, साखर कारखाने आणि शिक्षणसंस्था यांच्या संचालकांनी एवढे तरी करावे: पुढच्या करारावर सही करण्याआधी, करार संपल्यावर आमची सगळी माहिती कोणत्या स्वरूपात परत मिळेल आणि हे काम दुसरे कोण करू शकेल, याचे उत्तर पुरवठादाराकडून लेखी घ्यावे.