पाळण्यातले नाव आणि पन्नाशीतली हाक

(ऊस विकास अधिकारी यांजकडून)



बेणे, खत, पाणी यांबद्दल या पानावर आपण नेहमीच बोलतो. या वेळी विषय घरातला आहे, पण तो ऊस-नोंदीच्या टेबलापर्यंत येऊन पोचतो. लेकराचे नाव आणि त्याची घरातली हाक, हा तो विषय.

आपल्या कंधार भागात नावांना तोटा नाही. गोदावरीला आपण गंगाच म्हणतो, म्हणून घरोघर गंगाधर. माळेगावच्या खंडोबाचे खंडू आणि मल्हारी, माहूरगडाची रेणुका, दत्ताचे दिगंबर. बालाजी आणि व्यंकट तर गावोगाव. बारशाला आत्याबाई असे चांगले नाव कानात सांगतात. आठ दिवसांत ते मागे पडते आन् 'पिंटू', 'बबलू', 'छकुली' सुरू होते.

लाडाने हाक मारण्यात वाईट काहीच नाही. फक्त ती लेकराबरोबर वाढणारी असावी. जुन्या माणसांनी हे बरोबर साधले होते. तुक्याचा तुकोबा झाला, ज्ञानदेवाचा ज्ञानोबा. खंडूचा खंडेराव होतो. नाना, तात्या, अण्णा, आप्पा या हाका तर वयाबरोबर वजनदार होतात. सहकारातले थोर पुढारी वसंतदादा यांचे पूर्ण नाव वसंतराव बंडूजी पाटील. 'बंडू'ला 'जी' लागला की वडीलधारे नाव झाले. 'वसंत'ला लागलेले 'दादा' आज मांजरीच्या ऊस संशोधन संस्थेच्या पाटीवर आहे.

आता 'पिंटू'ला 'राव' लावून पाहा. जमत नाही! पिंटू नावाच्या सभासदांनी रागावू नये. नाव मोठे करणारा शेवटी माणूसच असतो. धोंडो केशव कर्वे यांना १९५८ साली भारतरत्न मिळाले, ते 'धोंडो' याच नावाने. पूर्वी लेकरे जगत नसत. दृष्ट लागू नये म्हणून धोंडू, दगडू, केरबा अशी नावे ठेवीत. त्यात माया होती. मुलीला 'नकोशी' म्हणण्यात मात्र माया नाही. सातारा जिल्ह्यात अशा दोनशेहून जास्त मुलींना २०११ साली जिल्हा परिषदेने समारंभ करून नवी नावे दिली. तोवर त्या पोरींनी शाळेच्या हजेरीत रोज तेच ऐकले होते.

उसाचेच पाहा ना. कोएम ०२६५ म्हणजे 'फुले २६५'. बांधावर आपण नुसते 'दोनशे पासष्ट' म्हणतो, नोंदीत पूर्ण लिहितो. हाक मूळ नावातूनच निघाली, म्हणून घोटाळा होत नाही. माणसांचा होतो. सात-बारावर एक नाव, शेअर सर्टिफिकेटवर घरातली हाक, बँकेच्या पासबुकात तिसरेच. सभासद हयात आहे तोवर सगळे ओळखतात. तो गेल्यावर शेअर वारसाच्या नावे करताना विधवा बाईला आणि लेकरांना प्रतिज्ञापत्रांसाठी हेलपाटे पडतात.

म्हणून विनंती अशी :

१. हाक पाळण्यातल्या नावातूनच काढावी. तिला 'राव', 'बाई', 'आजोबा' लावून मोठ्याने म्हणून पाहावी.

२. जन्माची नोंद २१ दिवसांत करावी. नाव ठरले नसेल तर नोंदीत ते एक वर्षाच्या आत विनाशुल्क घालता येते. पुढे विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत.

३. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेश व आधारसाठी जन्मदाखला हाच पुरावा आहे. त्यात घरातली हाक लिहू नये.

४. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आधी आईचे नाव, मग वडिलांचे, मग आडनाव लागते. हे ध्यानी ठेवावे.

५. आपला सात-बारा, शेअर सर्टिफिकेट व पासबुक एकत्र ठेवून नाव ताडून पाहावे. फरक असल्यास हयातीतच दुरुस्त करून घ्यावा.

बेणे निवडताना आपण पुढच्या खोडव्याचा विचार करतो. नाव तर जन्मभराचे आहे, आणि कागदावर त्याच्याही पुढे राहणारे आहे.