मेंदूतील दुय्यम कर्करोग : शस्त्रक्रिया कोणासाठी?

फुप्फुसाचा वा स्तनाचा कर्करोग मेंदूत पसरल्याचे कळल्यावर रामदासपेठेत उपचारांसाठी येणारी कुटुंबे प्रथम एकच प्रश्न विचारतात : शस्त्रक्रिया होईल का? उत्तर देताना आम्ही केवळ गाठ पाहत नाही, संपूर्ण रुग्ण पाहतो.

अमेरिकेतील डॉ. रॉय पॅचेल व सहकाऱ्यांनी १९९० साली ४८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मेंदूत एकच गाठ असलेल्या या रुग्णांपैकी शस्त्रक्रिया व किरणोपचार दोन्ही मिळालेल्यांचे मध्यक आयुर्मान ४० आठवडे, तर केवळ किरणोपचार मिळालेल्यांचे १५ आठवडे आढळले. १९९६ साली कॅनडातील ८४ रुग्णांच्या अभ्यासात मात्र असा लाभ दिसला नाही. त्यांतील अनेकांचा आजार शरीरात अन्यत्रही फैलावलेला होता. निवडीचे महत्त्व ते हेच.

म्हणून गाठ एकच व सुरक्षितपणे काढण्याजोगी, मूळ आजार आटोक्यात आणि रुग्ण स्वतःची कामे स्वतः करू शकणारा असल्यास आम्ही शस्त्रक्रियेचा प्राधान्याने विचार करतो. लहान मेंदूतील मोठ्या गाठीने मेंदूतील पाण्याचा मार्ग अडत असल्यास विलंब परवडत नाही. निदानाविषयी शंका असल्यास गाठीचा तुकडा तपासणे आवश्यक ठरते. पॅचेल यांच्या ५४ संशयित रुग्णांपैकी ६ जणांची गाठ दुय्यम कर्करोगाची नव्हतीच. आपल्याकडे तर क्षयाची गाठही तशीच भासू शकते.

शस्त्रक्रिया न करणे म्हणजे उपचार नाकारणे नव्हे. लहान गाठींवर केंद्रित किरणोपचार, तसेच सूज व वेदना कमी करणारी औषधे उपलब्ध आहेत. शेती गहाण पडण्यापूर्वी कुटुंबास हे समजावून सांगणे, हेही आम्ही उपचाराचेच अंग मानतो.