वाळू उपसायचे पैसे

२०१९ च्या सप्टेंबरात मी मुलाकडे अमेरिकेत, ओमाहाला गेले होते. महिनाभरापूर्वीच आमच्या शिरोळ तालुक्यात कृष्णा-पंचगंगेचा महापूर येऊन गेला होता. मन सगळं तिकडेच. फोनवर धाकटा भाऊ म्हणाला, "अक्का, ऊस गेला तर पुन्हा लावता येतो. पण मळीत ढोपरभर गाळ बसलाय, त्याचं काय करू?"

माझा उतरलेला चेहरा पाहून एका रविवारी मुलगा म्हणाला, "आई, चल, इथलाही पूर दाखवतो." मिसुरी नदीच्या काठानं तासभर दक्षिणेला गेलो. आयोवा राज्यातली ही फ्रिमाँट काउंटी. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा प्रशासकीय भाग. मार्चमध्ये गोठलेल्या जमिनीवर पाऊस पडला, बर्फ वितळलं, पाणी जिरायला जागाच उरली नाही. नदीचे तटबंध फुटले. हॅम्बर्ग गाव बुडालं. धान्याची पोलादी कोठारं आतलं धान्य भिजून, फुगून फाटली. आम्ही गेलो तेव्हाही सखल शिवारात पाणी होतं आणि जिथून ओसरलं होतं, तिथं मक्याऐवजी पांढऱ्या वाळूचे ढीग.

मुलाच्या ओळखीचे एक वयस्क शेतकरी भेटले. त्यांनी समजावून सांगितलं ते मला नवीन होतं. पिकाचा विमा वेगळा. जमीन पूर्ववत करण्यासाठी सरकारची वेगळी योजना आहे, 'इमर्जन्सी कॉन्झर्व्हेशन प्रोग्राम'. १९७८ च्या कायद्यानं आलेली. वाळू-कचरा उपसणं, जमीन सपाट करणं, कुंपण उभारणं, यांचा ७५ टक्क्यांपर्यंत खर्च सरकार देतं. नवख्या किंवा तुटपुंज्या मिळकतीच्या शेतकऱ्यांना ९० टक्क्यांपर्यंत. अर्ज काउंटीच्या कृषी कार्यालयात करायचा. मंजुरी देणाऱ्या समितीत शेतकऱ्यांनीच निवडून दिलेले शेतकरी असतात! मी मनात म्हटलं, आपल्याकडे तलाठ्याची वाट पाहतो, इथं शेजारीच पंच.

पण गंमत पुढं आहे. मंजुरीआधी हात घालायचा नाही, आणि पैसे साधारणपणे काम झाल्यावर, पावत्या दाखवल्यावर. म्हणजे यंत्राचं भाडं, डिझेल, मजुरी आधी खिशातून. म्हातारबाबा वाळूकडे पाहत म्हणाले, "पंचवीस टक्के माझे, हे ठीक. पण उरलेले पंचाहत्तरही आधी मलाच उभे करायचे असतात." कोठारातल्या धान्याचं तर या योजनेत काहीच नव्हतं, त्या नुकसानीसाठी अमेरिकन संसदेला जूनमध्ये निराळा कायदा करावा लागला.

रात्री भावाला सगळं सांगितलं. आपल्याकडेही गाळ काढायला मदत होतीच. तीन इंचांहून जास्त गाळ असेल तर तेव्हाच्या निकषांनुसार हेक्टरी १२,२०० रुपये. पुढं २०२२ पासून ते १८,००० झाले. खर्चाच्या टक्क्यांत नाही, ठरावीक रक्कम. गाळ अर्धा फूट असो की कमरेइतका.

भाऊ थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे तिथं हिशेब बरा आहे. पण अक्का, पहिल्या दिवशी जेसीबीवाल्याला पैसे कोण देतो?"

मी सांगितलं, "तिथंही शेतकरीच."

"मग उद्या सोसायटीत जाऊन येतो," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.